खाटेपाशी भरलेली शाळा

आजारी माणूस दवाखान्यात जातो तेव्हा त्याच्या मनात दोन अपेक्षा असतात. डॉक्टरांनी आपला आजार नेमका ओळखावा, ही पहिली. आणि आपले म्हणणे त्यांनी शांतपणे ऐकून घ्यावे, ही दुसरी. पहिली अपेक्षा ज्ञानाची आणि दुसरी स्वभावाची, असे आपण समजतो. वस्तुतः या दोन्ही गोष्टी शिकाव्या लागतात आणि त्या शिकवताही येतात. नाडी कशी पाहावी, छाती कशी तपासावी, घाबरलेल्या माणसाला काय विचारावे आणि कसे विचारावे, हे केवळ व्याख्याने ऐकून येत नाही. पाण्यात उतरल्यावाचून पोहणे येत नाही, तसे रुग्णाजवळ गेल्यावाचून वैद्यक येत नाही. ही साधी गोष्ट वैद्यकीय शिक्षणात रुजवण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या डॉ. विल्यम ऑस्लर यांची ही चरित्रकथा आहे.

ऑस्लर यांचा जन्म १२ जुलै १८४९ रोजी कॅनडातील बाँड हेड या लहानशा गावी झाला. हे गाव आजच्या ऑन्टारिओ प्रांतात आहे. त्यांचे वडील धर्मोपदेशक होते. इंग्लंडमधील कॉर्नवॉल सोडून ते जंगल तोडून वसवलेल्या या नव्या मुलखात सेवेसाठी आले होते. विल्यम हे त्यांचे सर्वांत धाकटे पुत्र. घरातील वातावरण धार्मिक आणि शिस्तीचे, पण मुलगा मात्र विलक्षण खोडकर होता. त्याच्या खोड्यांना कंटाळून डंडास येथील शाळेने त्याचे नाव काढून टाकले. शाळेबाहेर काढलेला हाच मुलगा पुढे आपल्या काळातील सर्वांत मोठा वैद्यकशिक्षक झाला.

पुढच्या शाळेत त्यांना जॉन्सन नावाचे एक शिक्षक भेटले. तेही धर्मोपदेशक होते, पण त्यांना सृष्टिनिरीक्षणाचे वेड होते. ते मुलांना घेऊन डबक्यांच्या आणि ओढ्यांच्या काठी जात, पाण्याचे नमुने गोळा करत आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतील जीवसृष्टी मुलांना दाखवत. पुस्तकात वाचलेली गोष्ट आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट यांत किती अंतर असते, हे ऑस्लर यांना येथेच उमगले. वडिलांप्रमाणे धर्मोपदेशक व्हावे म्हणून १८६७ मध्ये ते टोरांटोच्या ट्रिनिटी महाविद्यालयात दाखल झाले. परंतु वर्षभरातच त्यांनी वैद्यकाची वाट धरली. १८७० मध्ये ते माँट्रिअल येथील मॅक्गिल विद्यापीठात गेले. या विद्यापीठाने स्कॉटलंडमधील एडिंबरोची परंपरा उचलली होती. तेथील विद्यार्थ्यांना रुग्णालयाच्या वॉर्डात प्रवेश होता. १८७२ मध्ये ऑस्लर यांनी वैद्यकाची पदवी मिळवली. त्यानंतर लंडन, बर्लिन आणि व्हिएन्ना येथील प्रयोगशाळा व रुग्णालये पाहून, तेथे अध्ययन करून १८७४ मध्ये ते मॅक्गिलला अध्यापक म्हणून परतले.

त्यांचे अध्यापन सुरुवातीला मुळीच यशस्वी नव्हते. व्याख्यान लिहून काढण्यात त्यांच्या रात्री जात, आणि ते वाचून दाखवताना त्यात जीव येत नसे. दुसरा कोणी आपल्यात वक्तृत्व नाही म्हणून खिन्न झाला असता. ऑस्लर यांनी मात्र वेगळा मार्ग काढला. ऐकवण्यापेक्षा दाखवण्यावर आणि दाखवण्यापेक्षा करवून घेण्यावर त्यांनी भर दिला. त्या काळी माँट्रिअलमध्ये देवीच्या रोगाची साथ वारंवार येई. देवीच्या वॉर्डाचे काम पत्करायला डॉक्टर सहसा तयार नसत. ऑस्लर यांनी ते पत्करले. त्या कामात त्यांना स्वतःलाही देवी आल्या. सुदैवाने आजार सौम्य होता. या जोखमीच्या कामाचे जे वेतन मिळाले, त्यातून त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी पॅरिसहून सूक्ष्मदर्शके मागवली. प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः भिंगातून पाहावे, एवढाच त्यामागचा हेतू होता. शवविच्छेदनाच्या कामातही त्यांनी असेच स्वतःला झोकून दिले. माँट्रिअलमध्ये त्यांनी सातशेहून अधिक शवविच्छेदने केली. रुग्ण जिवंत असताना डॉक्टरांनी बांधलेला अंदाज कोठे चुकला, हे मृत्यूनंतर तपासून पाहण्याचे धैर्य त्यांनी विद्यार्थ्यांना शिकवले. आपली चूक मान्य करणे हेही वैद्यकातील एक कौशल्यच होय, अशी त्यांची धारणा होती.

१८८४ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद देऊ केले. जावे की न जावे, हा निर्णय आपण नाणे उडवून घेतला, असे ते पुढे गमतीने सांगत. मराठी वाचकांना या शहराचे नाव परिचित आहे. आनंदीबाई जोशी याच काळात, याच शहरातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होत्या आणि १८८६ मध्ये त्या तेथून डॉक्टर झाल्या. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत वैद्यकीय शिक्षणाची स्थिती फार विषम होती. काही संस्था चांगल्या होत्या. पण अनेक ठिकाणी विद्यार्थी दोन सत्रे तीच ती व्याख्याने ऐकत आणि पदवी घेऊन बाहेर पडत. एकाही रुग्णाची छाती न तपासता, एकाही प्रसूतीला हजर न राहता माणूस डॉक्टर होऊ शकत असे. त्याचे खरे शिक्षण मग त्याच्या पहिल्या काही रुग्णांवर होई, आणि त्या शिक्षणाची किंमत त्या रुग्णांना मोजावी लागे.

ही स्थिती बदलण्याची संधी ऑस्लर यांना बाल्टिमोर शहरात मिळाली. जॉन्स हॉपकिन्स या व्यापाऱ्याने १८७३ मध्ये मृत्यूपूर्वी विद्यापीठ आणि रुग्णालय यांसाठी ७० लाख डॉलर ठेवले होते. त्यातून उभे राहिलेले रुग्णालय मे १८८९ मध्ये सुरू झाले आणि ऑस्लर तेथील प्रमुख चिकित्सक झाले. वैद्यकीय महाविद्यालयासाठी मात्र पैसे अपुरे पडले. तेव्हा मेरी गॅरेट आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी निधी उभा केला. त्यातील सर्वांत मोठी देणगी स्वतः मेरी गॅरेट यांची होती. पण त्यांच्या दोन अटी होत्या. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश मिळावा आणि प्रवेशाची पात्रता उंच असावी. त्या पात्रतेबद्दल ऑस्लर आपल्या सहकाऱ्याला विनोदाने म्हणाले की, आपण येथे प्राध्यापक म्हणून आलो हे बरे झाले. विद्यार्थी म्हणून आपल्याला कोणी घेतले नसते. १८९३ मध्ये महाविद्यालय सुरू झाले. पहिल्या वर्गात १८ विद्यार्थी होते आणि त्यांत तीन स्त्रिया होत्या.

येथे ऑस्लर यांनी जी पद्धत बसवली, तिचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. रुग्णाच्या खाटेपाशी शिकवणे ही त्यांची कल्पना नव्हती. हॉलंडमधील लायडन येथे आणि पुढे एडिंबरो येथे ती प्रथा पूर्वीच होती. परंतु तेथे बहुधा शिक्षक बोलत आणि विद्यार्थी भोवती उभे राहून ऐकत. ऑस्लर यांनी विद्यार्थ्याला प्रेक्षकाच्या जागेवरून उठवले आणि कामाला लावले. तिसऱ्या वर्षी विद्यार्थी बाह्यरुग्ण विभागात बसे. समोर आलेल्या अनोळखी माणसाला प्रश्न विचारून आजाराची हकिकत काढणे आणि त्याला तपासणे, हे त्याचे काम. चौथ्या वर्षी त्याला वॉर्डातील काही खाटा नेमून दिल्या जात. त्या खाटांवरील रुग्णांची हकिकत लिहिणे, रोज त्यांना तपासणे, त्यांचे रक्त, लघवी व थुंकी प्रयोगशाळेत स्वतः पाहणे आणि सर्व टिपण नीट ठेवणे, ही त्याची जबाबदारी असे. सकाळी ऑस्लर फेरीला येत तेव्हा विद्यार्थी आपल्या रुग्णाची माहिती सर्वांसमोर मांडी. मग ऑस्लर खाटेच्या कडेवर बसत, रुग्णाशी दोन शब्द बोलत आणि विद्यार्थ्याच्या नजरेतून जे निसटले असेल, ते हळूच दाखवून देत.

आधी डोळ्यांनी पाहा, मग हाताने स्पर्श करा, मग बोटांनी ठोकून आवाज घ्या आणि शेवटी कानाला स्टेथोस्कोप लावा, हा तपासणीचा क्रम ते पुनःपुन्हा करवून घेत. घाईने स्टेथोस्कोप लावणाऱ्याला ते थांबवत. आपल्याकडील जुन्या वैद्यकग्रंथांनीही दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही रोगपरीक्षेची साधने मानली आहेत. देश आणि काळ वेगळे असले तरी अनुभवाने शहाणे झालेले वैद्य एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात, हे यावरून दिसते. ऑस्लर यांचा सर्वाधिक भर प्रश्नावर, म्हणजेच ऐकण्यावर होता. रुग्णाचे नीट ऐकले तर रोगाचे निदान तोच सांगून जातो, अशी शिकवण त्यांच्या नावाने आजही सांगितली जाते.

येथे एक गंभीर प्रश्न उभा राहतो. रुग्णालयात येणारे बहुतेक रुग्ण गरीब असत. त्यांच्या शरीरावर विद्यार्थ्यांनी शिकावे, हे न्याय्य आहे काय? रुग्ण म्हणजे अभ्यासाचे साधन होय काय? त्या काळी अनेक रुग्णालयांचे चालक याच कारणाने विद्यार्थ्यांना वॉर्डात येऊ देत नसत. त्यांची शंका निराधार नव्हती. घोळक्याने येऊन रुग्णाला उघडे करून पाहणारे आणि त्याच्याशी एक शब्दही न बोलता निघून जाणारे विद्यार्थी त्रासदायकच असतात. ऑस्लर यांचे उत्तर असे होते की, विद्यार्थ्याला दूर ठेवल्याने रुग्ण सुरक्षित होत नाही; त्याला जबाबदारी दिल्याने होतो. ज्या रुग्णाची नोंद आपण रोज लिहितो, ज्याचा ताप आपण रोज मोजतो, ज्याच्या मुलाबाळांची नावे आपल्याला ठाऊक होतात, तो रुग्ण केवळ एक उदाहरण राहत नाही. शिवाय ज्या वॉर्डात विद्यार्थी रोज प्रश्न विचारतात, तेथील ज्येष्ठ डॉक्टरांनाही जागरूक राहावे लागते. अर्थात, हे उत्तर तेव्हाच खरे ठरते, जेव्हा शिक्षक स्वतः खाटेपाशी उभा असतो आणि विद्यार्थ्याच्या वागण्यावरही लक्ष ठेवतो. ऑस्लर ते ठेवत असत.

वॉर्डाच्या भिंतींशी त्यांचे शिक्षण थांबत नसे. बाल्टिमोरमध्ये क्षयरोगाने अनेक कुटुंबे उद्ध्वस्त होत होती. औषध लिहून रुग्णाला घरी पाठवले की आपले काम संपले, असे ऑस्लर यांना वाटत नसे. त्यांनी वैद्यकाच्या विद्यार्थिनींना क्षयरुग्णांच्या घरी पाठवले. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत दाटीवाटीने राहणारी माणसे त्यांनी पाहिली. थुंकीतून रोग पसरतो, हे त्या घरांत कोणी समजावून सांगितलेलेच नव्हते. डॉक्टरांचा सल्ला रुग्णाच्या घरात पाळता येण्याजोगा आहे काय, हा प्रश्न त्या घरी जाऊनच कळण्यासारखा होता.

१८९२ मध्ये ऑस्लर यांचा वैद्यकाची तत्त्वे आणि व्यवहार सांगणारा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे अनेक दशके त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या आणि इतर भाषांत त्याची भाषांतरे झाली. या ग्रंथाचे वैशिष्ट्य म्हणजे त्याचा प्रांजळपणा. ज्या रोगावर उपाय नव्हता, तेथे उपाय नाही असे त्यांनी स्पष्ट लिहिले. निरुपयोगी औषधांची नावे देऊन पाने भरली नाहीत. १८९७ मध्ये हा ग्रंथ फ्रेडरिक गेट्स या गृहस्थांच्या वाचनात आला. ते उद्योगपती रॉकफेलर यांचे सल्लागार होते. वैद्यकाला अजून किती गोष्टींचा पत्ता नाही, हे वाचून ते थक्क झाले. त्यांच्या आग्रहातून १९०१ मध्ये रॉकफेलर वैद्यकीय संशोधन संस्था उभी राहिली. अज्ञान प्रामाणिकपणे मांडले तर ज्ञानाची वाट खुली होते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

त्याच वर्षी, १८९२ मध्ये, ऑस्लर यांचा ग्रेस यांच्याशी विवाह झाला. त्यांचे पहिले मूल जन्मानंतर काही दिवसांतच दगावले. १८९५ मध्ये दुसरा मुलगा झाला. त्याचे नाव रिव्हिअर. त्यांच्या घराचे दार विद्यार्थ्यांना नेहमी उघडे असे. शनिवारी संध्याकाळी विद्यार्थी त्यांच्याकडे जमत. आठवड्यातील रुग्णांची चर्चा होई आणि मग जुन्या ग्रंथांविषयी गप्पा रंगत. शेजारी राहणाऱ्या काही तरुण डॉक्टरांकडे तर त्यांच्या घराची किल्लीच होती.

बोलण्याचे महत्त्व जाणणाऱ्या या माणसाला एकदा स्वतःच्या शब्दांनीच अडचणीत आणले. १९०५ मध्ये बाल्टिमोर सोडताना केलेल्या निरोपाच्या भाषणात, माणसाचे सर्जनशील काम चाळिशीच्या आत होते आणि साठीनंतर त्याने निवृत्त व्हावे, असे त्यांनी सांगितले. त्या ओघात, एका जुन्या इंग्रजी कादंबरीचा दाखला देऊन, साठीच्या माणसांना क्लोरोफॉर्म देण्याविषयी त्यांनी थट्टा केली. वृत्तपत्रांनी ती थट्टा खरी मानून छापली. देशभर गहजब झाला, वृद्ध माणसे दुखावली आणि संतापाची पत्रे आली. त्या वेळी ऑस्लर स्वतः पंचावन्न वर्षांचे होते. सभागृहात शोभलेली थट्टा बाहेर घाव करू शकते, हा धडा त्यांना फार महाग पडला. ऐकणारा कोण आहे हे ओळखून बोलावे, असे विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या गुरूचीही कधी चूक होते, हे या प्रसंगातून दिसते.

१९०५ मध्येच ते ऑक्सफर्ड विद्यापीठात वैद्यकाचे राजनियुक्त प्राध्यापक झाले. १९११ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. मानमरातब वाढला तरी रुग्णाजवळ बसण्याची सवय सुटली नाही. या काळातील एक हकिकत पुढे अनेकांनी सांगितली आहे. एका लहान मुलाला डांग्या खोकला झाला होता. तो काही खात नव्हता आणि त्याच्या जगण्याची आशा फार थोडी होती. ऑस्लर पदवीदान समारंभाला निघाले असताना वाटेत त्याला पाहायला आले. त्यांच्या अंगावर समारंभाचा लाल झगा होता. मुलगा त्या झग्याकडे पाहतच राहिला. तपासणी थोडक्यात उरकून ऑस्लर खाली बसले. त्यांनी एक पीच फळ सोलले, त्याच्या फोडी केल्या, त्यांवर साखर घातली आणि हे काही विशेष फळ आहे असे सांगत एकेक फोड मुलाला भरवली. त्यानंतर चाळीस दिवस ते त्याच्याकडे येत राहिले. दर खेपेस तो झगा अंगावर चढवत आणि त्याला काहीतरी भरवत. मुलगा बरा झाला. त्या काळी डांग्या खोकल्यावर खात्रीचे औषध नव्हते. होती ती केवळ मुलाच्या मनापर्यंत पोहोचण्याची कला.

पहिल्या महायुद्धात रिव्हिअर ब्रिटिश तोफखान्यात दाखल झाला. ऑगस्ट १९१७ मध्ये बेल्जियममधील ईप्रच्या आघाडीवर तो जबर जखमी झाला. युद्धभूमीजवळ असलेले ऑस्लर यांचे अमेरिकन शल्यचिकित्सक मित्र त्याच्या मदतीला धावले. त्यांत बाल्टिमोरचे त्यांचे जुने शेजारी हार्वी कुशिंग हेही होते. पण रिव्हिअर वाचला नाही. त्या वेळी तो एकवीस वर्षांचा होता. पूर्वी १८८९ मध्ये ऑस्लर यांनी तरुण डॉक्टरांना मनाची समता राखण्याचा उपदेश केला होता. संकटात डॉक्टरांचा चेहरा आणि हात स्थिर असावेत, कारण घाबरलेल्या रुग्णाला त्यांचाच आधार असतो, असे त्यांचे सांगणे होते. त्यांची समता म्हणजे कोरडेपणा, अशी टीकाही होऊ शकत होती. आता तिची कसोटी लागली. ते रात्री एकांतात रडत आणि दिवसा जखमी सैनिकांना पाहायला जात. समता म्हणजे दुःख नसणे नव्हे. आपले दुःख दुसऱ्याच्या सेवेच्या आड येऊ न देणे होय, हे त्यांच्या आचरणाने दाखवून दिले.

२९ डिसेंबर १९१९ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, फुप्फुसांच्या विकाराने ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले. ज्या रोगांविषयी त्यांनी आयुष्यभर शिकवले, त्यांतलाच हा एक होता आणि आपल्या आजाराची वाटचाल त्यांना स्पष्ट दिसत होती. त्यांनी जमवलेले सुमारे आठ हजार ग्रंथ मॅक्गिल विद्यापीठाला मिळाले. त्यांच्या अस्थीही त्याच ग्रंथालयात ठेवल्या आहेत. आपल्या स्मारकावर काय लिहिले जावे, याविषयीची इच्छा त्यांनी पूर्वीच बोलून दाखवली होती. ग्रंथ, पदव्या वा शोध यांचा उल्लेख त्यांना नको होता. आपण विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकवले, एवढीच नोंद त्यांना पुरेशी वाटत होती.

आज जगभर वैद्यकाचा विद्यार्थी वॉर्डात रुग्णाची हकिकत लिहितो, तेव्हा तो कळत-नकळत ऑस्लर यांच्या वाटेने चालत असतो. भारतातही २०१९ मध्ये लागू झालेल्या वैद्यकीय पदवीच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे शिक्षण पहिल्या वर्षापासून समाविष्ट करण्यात आले. आपल्या देशात हे शिक्षण विशेष गरजेचे आहे. कारण येथे रुग्णाची भाषा एक आणि डॉक्टरांची दुसरी असे अनेकदा घडते. नव्या यंत्रांनी शरीराच्या आतले पुष्कळ काही दिसू लागले आहे. पण माणूस कशाला घाबरला आहे, त्याच्या घरी काय अडचण आहे, औषध घेणे त्याने का थांबवले, हे कोणतेही यंत्र सांगत नाही. ते विचारावे लागते आणि उत्तर मिळेपर्यंत त्याच्याजवळ थांबावे लागते.